नूर इनायत खान आणि पॅरिसमधला बिनतारी संच: युद्धकाळातल्या हेराचं रोजचं काम नेमकं कसं चालायचं?

सांजवेळ (धागाकर्ती)

नूर इनायत खानवर मराठीत अधूनमधून लेख येतात. टिपू सुलतानची वंशज, सूफी वडील, लहान मुलांच्या गोष्टी लिहिणारी हळवी मुलगी, शेवटी जर्मनीतल्या डाखाऊच्या छळछावणीत गोळी. हे सगळं खरंच आहे, पण ती तिकडे करत काय होती हे या लेखांतून कळत नाही. 'रेडिओवरून संदेश पाठवायची' एवढ्यावर विषय संपतो.

मुख्य तारखा अशा. जन्म १ जानेवारी १९१४, मॉस्को. बालपण पॅरिसजवळ सुरेन इथे. जून १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर कुटुंब इंग्लंडला गेलं. नोव्हेंबर १९४० मध्ये ती ब्रिटिश हवाई दलाच्या महिला विभागात भरती झाली आणि तिथे बिनतारी संदेशवहन शिकली. फेब्रुवारी १९४३ मध्ये ती स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह, म्हणजे एसओई या शत्रूच्या मुलखात हेर पाठवणाऱ्या ब्रिटिश गुप्त संघटनेच्या फ्रान्स विभागात आली. १६-१७ जून १९४३ च्या रात्री फ्रान्समध्ये उतरली. संकेतनाम मादलेन, कागदोपत्री नाव जान-मारी रेनिए. आठवड्याभरातच 'प्रॉस्पर' हे एसओईच्या हेरांचं पॅरिसमधलं मोठं जाळं फुटलं, प्रमुख फ्रान्सिस सटिल पकडला गेला. लंडनने परत ये म्हटलं, ती आली नाही. १३ ऑक्टोबरच्या सुमारास पकडली गेली. १३ सप्टेंबर १९४४ ला डाखाऊत मृत्यू. १९४९ मध्ये जॉर्ज क्रॉस हा ब्रिटिश शौर्यसन्मान.

जाणकारांना प्रश्न: संच केवढा असायचा आणि चालवायचे कसा? जर्मन माग कसा काढायचे? संकेतलिपी कोणती? आणि मला सर्वात न उलगडलेलं म्हणजे, ती पकडली गेल्यावर लंडनला ते कळलं कसं नाही?

लघुलहरी

संचापासून सुरू करतो. एसओईचा सर्वात गाजलेला संच म्हणजे टाइप ३ मार्क २, सगळे त्याला बी-२ म्हणत. साध्या चामडी सुटकेसमध्ये चार भाग: रिसीव्हर, ट्रान्समीटर, पॉवर सप्लाय आणि सुट्या सामानाची पेटी. एकूण वजन साधारण १४.५ किलो. ट्रान्समीटर सुमारे ३ ते १६ मेगाहर्ट्झ, शक्ती २० वॉटच्या आसपास. याशिवाय ए मार्क ३ नावाचा लहान संच होता, शक्ती ५ वॉटच्या घरात. बॅगेत दडवायला तो बरा, पण लंडनला ऐकू जायला कष्ट.

जोडणीचा क्रम असा:

१. आधी भिंतीतल्या विजेचा व्होल्टेज बघायचा. बी-२ ला ९७ ते १४० आणि १९० ते २५० अशा दोन पट्ट्या होत्या. ११० ला लावलेला संच २२० वर खुपसला तर ट्रान्सफॉर्मर गेला. डीसी लाइनवर लावला तरी गेला, कारण ट्रान्सफॉर्मर डीसीवर चालतच नाही.

२. एरियल: साधारण २० मीटर तार. बाहेर टांगली तर आवाज चांगला जातो, पण शेजाऱ्यांना दिसते. म्हणून पोटमाळ्यावर नाहीतर खोलीच्या कडेकडेने फिरवायची. अर्थिंग पाण्याच्या नळाला.

३. क्रिस्टल लावायचा. ट्रान्समीटरची फ्रिक्वेन्सी डायलवर ठरत नाही, क्वार्ट्झच्या चकतीवर ठरते. दिवसासाठी वरची, रात्रीसाठी खालची, म्हणून किमान दोन क्रिस्टल लागतातच. पॅराशूटच्या डब्यातून टाकलेल्या सामानात फुटणारी पहिली वस्तू हीच. क्रिस्टल फुटला की संच असून नसल्यासारखा.

४. मीटरवर बघत ट्यूनिंग: प्लेट करंट (व्हॉल्व्हमधून वाहणारी वीज) किमान होईल असा एक कंडेन्सर फिरवायचा, मग एरियलचा भार वाढवून पुन्हा पहिला जुळवायचा. घाईत हे अर्धवट सोडलं तर २० वॉटचे ५ वॉट बाहेर पडतात आणि उरलेले व्हॉल्व्ह तापवतात.

हे सगळं होईपर्यंत हवेत एक अक्षरही गेलेलं नसतं. नूर उतरली तेव्हा तिचा स्वतःचा संच सोबत नव्हता. पहिले संदेश तिने व्हर्सायजवळच्या ग्रिन्यों शेतकी महाविद्यालयातून, जाळ्यातल्या दुसऱ्या ऑपरेटरच्या संचावरून पाठवले.

तिरकस

माहिती उत्तम. दोन शंका.

एक, 'ऑपरेटरचं आयुष्य सहा आठवडे' हे वाक्य सगळीकडे चिकटवलेलं असतं. नूर जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत म्हणजे जवळजवळ चार महिने टिकली, तेही भोवतालचे सगळे पकडले गेलेले असताना. मग सहा आठवड्यांना अर्थ काय?

दोन, २० वॉट म्हणजे आजच्या एलईडी बल्बइतकी शक्ती. मोठ्या शहरात तेवढ्यावरून घर कसं सापडतं?

लघुलहरी

सहा आठवडे हा सरासरीचा अंदाज म्हणून ठीक, नियम म्हणून नाही. ऑपरेटर किती टिकेल हे तीन गोष्टींवर ठरतं: एका बैठकीत हवेत किती मिनिटं, एकाच जागेवरून किती वेळा, आणि ठरलेली वेळ व फ्रिक्वेन्सी किती नियमित. तिसरी गोष्ट ऑपरेटरच्या हातात नसायची. लंडनने आखून दिलेलं वेळापत्रक घेऊनच तो जायचा. ठरल्या वारी, ठरल्या वेळी, ठरल्या फ्रिक्वेन्सीवर. जर्मन श्रवणकेंद्राला दोन-तीन आठवडे ऐकून पुढची बैठक कधी हे आधीच सांगता येई. पुढे ही वेळापत्रकं बदलती केली, पण उशिरा.

आता माग काढण्याबद्दल. टप्पे तीन.

पहिला टप्पा लांबचा. शेकडो किलोमीटरवरची स्थिर केंद्रं एकाच वेळी दिशा घेतात, नकाशावर रेषा ओढतात. लघुलहरी आयनमंडलावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन येतात, त्यामुळे दिशा डळमळते आणि रेषा एका बिंदूत मिळत नाहीत, त्रिकोण तयार होतो. त्यातून कळतं फक्त 'पॅरिसच्या आसपास'.

दुसरा टप्पा गाड्यांचा. संचातून एक लहर वर जाते आणि एक जमिनीलगत पसरते. जमिनीची लहर काही किलोमीटरांतच विरते, पण तेवढ्या अंतरात तिची दिशा पक्की असते. म्हणून गाड्या त्या वर्तुळात आणल्या की गल्लीपर्यंत पोचता येतं. गाड्यांवर कपडे धुण्याच्या दुकानाचं नाहीतर अशाच कशाचं नाव असे. छतावरची गोल एरियल लपवणं अवघड, त्यामुळे सरावलेला पहारेकरी त्या ओळखायचा. ऑपरेटरसोबत खिडकीशी एक माणूस हवाच तो यासाठी.

तिसरा टप्पा पायी. कोटाखाली पट्ट्याने बांधलेला लहान रिसीव्हर, कानात बारीक श्रवणयंत्र. हा माणूस फुटपाथवरून चालत इमारत निश्चित करतो. ओळखायची खूण: उन्हाळ्यात जाड कोट, कॉलर वर आणि सारखं मनगटाकडे बघणं, कारण सिग्नलचा काटा तिथे घड्याळासारखा बसवलेला.

आणखी एक युक्ती होती, वीज तोडायची. संशयित भागातली एकेका वस्तीची वीज क्षणभर बंद करायची. ज्या वस्तीत वीज जाताच संदेश तुटतो, संच तिथे. उपाय म्हणजे सहा व्होल्टच्या मोटारीच्या बॅटरीवर चालवणं. पण मग बॅटरी आणा, चार्ज कुठे करायची ते बघा, आणि १४ किलोंत आणखी भर.

मिनिटांचा हिशेब करून टाकतो. सांकेतिक संदेश पाच-पाच अक्षरांच्या गटांत जातो. मोर्सचा वेग नेहमीच्या भाषेवर मोजतात, तिथे ई, टी अशी छोटी अक्षरं जास्त. संकेतात अक्षरं विस्कटलेली आणि भरीची असतात, गट लांबतो. त्यामुळे मिनिटाला २० शब्दांचा हात असेल तर प्रत्यक्षात १६-१७ गट जातात. २०० अक्षरं म्हणजे ४० गट, म्हणजे अडीच मिनिटं. ऐकायला फारच कमी वाटतं. पण आधी हाक द्यायची, उत्तराची वाट बघायची, मध्येच दुसरं स्टेशन आडवं आलं की अमुक गट पुन्हा द्या, तमुक पुन्हा द्या. दोन-तीन संदेश साचलेले असले की अर्धा तास कुठेच गेला नाही. शहरात गाड्या दाराशी यायला तेवढा पुरतो.

म्हणूनच लंडनकडून येणारं शक्य तितकं एकतर्फी ठेवत. ऑपरेटरने फक्त ऐकायचं, पोच द्यायची नाही. ऐकणारा सापडत नाही, पाठवणारा सापडतो. विमानातून सामान कुठल्या रात्री पडणार हे तर बीबीसीच्या फ्रेंच बातम्यांनंतर येणाऱ्या निरर्थक वाटणाऱ्या 'वैयक्तिक निरोपां'तून कळवत. त्याला साधा घरगुती रेडिओ पुरे.

कूटकारण

संकेतलिपीचं मी घेतो. १९४३ च्या मध्यापर्यंत बहुतेकांकडे 'कवितेची किल्ली' होती. ऑपरेटरला एक कविता पाठ. प्रत्येक संदेशासाठी तिच्यातले पाच शब्द निवडायचे, ते जोडून किल्ली बनवायची आणि तिने अक्षरांची दोनदा अदलाबदल करायची. कुठले पाच शब्द निवडले हे संदेशाच्या सुरुवातीला एका गटात सांगायचं.

मराठीत करून दाखवतो. नियम असा धरू: मात्रेसकट एक अक्षर म्हणजे एक घर, आणि किल्लीतला क्रम लावताना मात्रा व अनुस्वार सोडून द्यायचे.

पहिली किल्ली: पुरंदरगड. अक्षरं प र द र ग ड. वर्णमालेच्या क्रमाने ग १, ड २, द ३, प ४, मग दोन र आहेत त्यात डावीकडचा ५, उजवीकडचा ६. म्हणजे किल्ली झाली ४ ५ ३ ६ १ २.

संदेश: पूल उडवायला दारू कमी रविवारी पाठवा. अठरा अक्षरं. सहा-सहाच्या ओळी:

४ ५ ३ ६ १ २
पू ल उ ड वा य
ला दा रू क मी र
वि वा री पा ठ वा

आता आकड्यांच्या क्रमाने उभे स्तंभ वाचायचे: वा मी ठ, य र वा, उ रू री, पू ला वि, ल दा वा, ड क पा.

ही झाली पहिली फेरी. दुसरी किल्ली वेगळ्या लांबीची हवी. वळणवाट घेऊ: व ळ ण व ट, म्हणजे ३ ५ २ ४ १.

३ ५ २ ४ १
वा मी ठ य र
वा उ रू री पू
ला वि ल दा वा
ड क पा

पुन्हा स्तंभ वाचले की हवेत जाणारा मजकूर मिळतो:

र पू वा ठ रू / ल पा वा वा ला / ड य री दा मी / उ वि क

प्रत्यक्षात आधीच भरीची अक्षरं घालून संख्या पाचाच्या पटीत आणतात. इथे शेवटची ओळ अर्धी राहावी म्हणून मुद्दाम अठराच ठेवलीत, तिची गंमत नंतर.

चुका कुठे होतात? किल्लीतल्या शब्दाचं स्पेलिंग चुकलं की सगळे आकडे सरकतात. सारख्या अक्षरांना डावी-उजवी क्रम उलटा दिला की दोन स्तंभांची अदलाबदल. मोर्स ऐकताना एक अक्षर गळलं की पुढचं सगळं एका घराने सरकतं. थंडीत, भुकेल्या पोटी, दाराबाहेर पावलं वाजत असताना हे दीडशे-दोनशे अक्षरांचं करायचं, त्यामुळे न उलगडणारे संदेश भरपूर येत. आधी लंडन सरळ 'पुन्हा पाठव' म्हणायचं. म्हणजे पुन्हा हवेत, पुन्हा गाड्या. १९४२ मध्ये संकेत विभागात आलेल्या लिओ मार्क्सने ते बंद केलं. इंग्लंडमधल्या ग्रेंडन अंडरवूडच्या संदेशकेंद्रातल्या तरुण मुली शक्य त्या चुका गृहीत धरून, शेकडो प्रयत्न करून तो संदेश उलगडायच्या आणि ऑपरेटरला पुन्हा बसावं लागायचं नाही.

कवितेचं दुसरं दुखणं मोठं. ती डोक्यात असते, म्हणजे मारून काढून घेता येते. एकदा मिळाली की साठवून ठेवलेले मागचे सगळे संदेशही वाचता येतात. आणि प्रसिद्ध कविता असेल तर मारायचीही गरज नाही, दोन-चार शब्द उलगडले की ग्रंथालयात जाऊन बाकीचे शोधा. मार्क्सने यावर तयार किल्ल्या रेशमावर छापून दिल्या. एक जोडी वापरायची, पट्टी कापायची, जाळायची. पाठ करणं अशक्य, त्यामुळे छळूनही बाहेर येणं अशक्य.

तिरकस

पण रेशीम अंगावर सापडलं की 'मी हेर नाही' म्हणायची सोयच संपली. कविता तरी झडतीत सापडत नाही.

कूटकारण

हाच आक्षेप तेव्हाही होता. पण ऑपरेटरकडे १४ किलोंचा संच आणि क्रिस्टल असतातच, तो रेशमामुळे वेगळा अडकत नाही. रेशीम अस्तरात शिवलं की चाचपताना कागदासारखं वाजत नाही. आणि जळलेल्या किल्लीचा संदेश कायमचा बंद. माझ्या मते हिशेब रेशमाच्या बाजूचा आहे.

मु. पो. बडोदे

घराण्याबद्दल एक दुरुस्तीवजा भर. सगळे टिपूवर थांबतात, पण नूरचे वडील इनायत खान जन्मले बडोद्यात, १८८२ साली. त्यांचे आजोबा मौलाबक्ष हे गायकवाडांच्या दरबारातले गवई, सयाजीरावांच्या काळात १८८६ मध्ये बडोद्याची गायनशाळा त्यांनी सुरू केली. टिपूशी नातं मौलाबक्षांच्या पत्नीकडून येतं. नूरची आई अमेरिकन. मूळ चर्चेत व्यत्यय नको, चालू द्या.

रातवा

ती उतरली कशी हे कोणी लिहिलं नाही. लायसँडर विमान, एकच वैमानिक, मागे दोघांची जागा, अडचणीत तिघे. त्या रात्री दोन विमानांतून नूर, डायना रोडन आणि सेसिली लेफोर अशा तीन स्त्रिया फ्रान्स विभागासाठी आल्या. आंझे शहराजवळचं शेत.

शेतातली तयारी हे एक कौशल्यच. तीन साध्या बॅटऱ्या, काठ्यांना बांधलेल्या. पहिली विमान टेकायच्या जागी. दुसरी वारा येतो त्या बाजूला सुमारे १५० मीटर पुढे. तिसरी दुसरीच्या उजवीकडे सुमारे ५० मीटरवर. उलटा इंग्रजी एल. वैमानिक पहिलीशी टेकतो, दुसरी आणि तिसरीच्या मधून वळून परत पहिलीपाशी येतो आणि वाऱ्याकडे तोंड करून थांबतो. माणसं उतरली, जाणारी चढली की तिथूनच उड्डाण. सगळं काही मिनिटांत. विमानाने आधी ठरलेलं अक्षर मोर्समध्ये दिव्याने मागायचं, खालून बरोबर उत्तर आलं तरच उतरायचं.

बिघडतं कशाने? वारा फिरला आणि दिवे फिरवले नाहीत तर पाठीवर वारा घेऊन उतरणं. नांगरलेली किंवा पावसाने भिजलेली जमीन, चाक रुतलं की बैल आणा. आणि चांदणं नसेल तर जमतच नाही, म्हणून सगळी उड्डाणं पौर्णिमेच्या आगेमागे. जर्मनांनाही पंचांग वाचता येत होतंच.

पण त्या शेतावरचा खरा धोका दिवे लावणारा माणूस. उतरवून घेण्याची जबाबदारी आँरी देरिकूर या फ्रेंच वैमानिकाकडे होती आणि त्याचा जर्मन सुरक्षा सेवेशी, एसडीशी संपर्क होता. १९४८ मध्ये त्याच्यावर फ्रान्समध्ये खटला झाला, तो निर्दोष सुटला.

पावशेर

संच-संकेत बाजूला ठेवला तरी रोजचं वागणं माणसाला पकडून द्यायचं. काही नेमक्या गोष्टी:

कॉफीघरात 'दूध नको' म्हणून कॉफी मागणं. दूध मिळतच नव्हतं, त्यामुळे बिनदुधाची वेगळी मागणारा बाहेरचा. दारू विकायची नाही असे वार ठरलेले होते, ते माहीत हवेत. बाईने भर रस्त्यात सिगरेट ओढणं लक्षात यायचं, कारण फ्रान्समध्ये तंबाखूचं रेशन पुरुषांना होतं, बायकांना नव्हतं. रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघणं ही इंग्लंडची सवय. कपड्यांची शिवण, बटणं शिवण्याची पद्धत, दातातलं भरण, सगळं फ्रेंच हवं, नुसतं लेबल उसवून भागत नाही.

ओळखपत्र बनावट चालून जायचं, रेशनकार्ड जास्त त्रास द्यायचं. कूपनं पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात आणि कार्डाचं स्वरूप बदलतं. जुन्या नमुन्याचं कार्ड घेऊन उतरलेला हेर पहिल्याच किराणा दुकानात लटकतो.

आणि संच घेऊन फिरणं. मेट्रोच्या तोंडाशी झडती, स्टेशनवर झडती. म्हणून शहाणपणाची पद्धत म्हणजे दोन-तीन संच वेगवेगळ्या घरांत ठेवायचे आणि स्वतः खिशात फक्त क्रिस्टल घेऊन फिरायचं. पण संच तेवढे असायला हवेत आणि घरं देणारी माणसं जिवंत राहायला हवीत. प्रॉस्पर फुटल्यावर नूरकडे घरं उरली नव्हती, जुन्या ओळखीतल्या लोकांकडे जाणं भाग पडलं. तेच लोक तिला खऱ्या नावाने ओळखत होते.

कूटकारण

आता धागाकर्तीचा मुख्य प्रश्न, लंडनला कळलं कसं नाही.

प्रत्येक ऑपरेटरला दोन सुरक्षाखुणा दिलेल्या असत. उदाहरणार्थ ठरावीक जागी मुद्दाम चूक. एक खूण शत्रूला सांगायची, म्हणजे छळ थांबेल. दुसरी सांगायचीच नाही. संदेशात दुसरी नसेल तर ऑपरेटर पकडला गेलाय. कल्पना निर्दोष आहे, अंमलबजावणीत माती झाली.

प्रॉस्परचा ऑपरेटर गिल्बर्ट नॉर्मन जूनच्या अखेरीस पकडला गेला. जर्मनांनी त्याच्या नावाने संदेश पाठवला, त्यात खरी खूण नव्हती. लंडनने उत्तर दिलं ते असं की तू दुसरी खूण विसरलास, पुढच्या वेळी काळजी घे. म्हणजे जर्मनांना दुसरी खूण असते हे लंडननेच सांगितलं.

हॉलंडमध्ये त्याआधी वर्षभर हेच चालू होतं. हुबेर्ट लाउवर्स मार्च १९४२ मध्ये पकडला गेला. त्याची खरी खूण दर सोळाव्या अक्षरात चूक. सोळावं अक्षर योगायोगाने 'स्टॉप' या शब्दात पडलेले जुने संदेश जर्मनांकडे होते, म्हणून त्याने 'मी स्टॉप चुकीचं लिहितो' अशी थाप मारली आणि ती खपली. खरी खूण गाळून तो पाठवत राहिला, भरीच्या अक्षरांत 'पकडलो' हा शब्द तुकड्यांनी घालून पाहिला. लंडन ढिम्म. त्या संचांवरून ठरलेल्या जागी ५० च्या वर हेर थेट जर्मनांच्या हातात उतरले. अब्वेर या जर्मन लष्करी हेरखात्याचा हेर्मान गिस्केस हे चालवत होता, १ एप्रिल १९४४ ला त्याने उघड्या भाषेत टोमणा मारून खेळ बंद केला.

मार्क्सला हॉलंडचा संशय आला तो खुणांवरून नाही. तिकडून न उलगडणारा संदेश एकही येत नव्हता. बाकी सगळ्या देशांतले ऑपरेटर चुकतात आणि हॉलंडचे कधीच नाही, याचा अर्थ ते निवांत टेबलाशी बसून लिहितायत.

आता नूर. पकडल्यावर तिला पॅरिसमध्ये ८४ आव्हेन्यू फॉश या एसडीच्या मुख्यालयात ठेवलं. तिथे ती काही बोलली नाही, हे तिथल्या जर्मन अधिकाऱ्यांनीही नंतर मान्य केलं. पण तिच्या खोलीत संच सापडला आणि एक वही, जिच्यात पाठवलेले सगळे संदेश, मूळ आणि सांकेतिक, दोन्ही लिहून ठेवलेले. संदेश नीट सांभाळा या सूचनेचा तिने अर्थ 'जपून ठेवा' असा घेतला असावा. दोष सूचना देणाऱ्याचाही आहे: 'पाठवल्याक्षणी जाळा' एवढं स्पष्ट लिहायला काय हरकत होती? दोन्ही बाजू समोर असल्या की किल्ली आणि खुणा काढायला तिच्या तोंडातून शब्द लागत नाही. जर्मन बाजूचा योझेफ ग्योत्झ तिच्या नावाने लंडनशी बोलू लागला.

मार्क्सच्या सांगण्याप्रमाणे त्याने तिला एक जादा खूण दिली होती: किल्ली कधीही अठरा अक्षरांची करायची नाही, केलीच तर पकडली गेलीस असं मी समजेन. पकडल्यानंतर अठरा अक्षरांच्या किल्लीचा संदेश आला. त्याने फ्रान्स विभागाचा प्रमुख मॉरिस बकमास्टरला कळवलं, तरी देवाणघेवाण चालू राहिली.

परिणाम: फेब्रुवारी १९४४ च्या अखेरीस, नूरच्या संचावरून ठरलेल्या शेतावर फ्रान्स अँतेल्म, लायनेल ली आणि मादलेन दामेरमाँ पॅराशूटने उतरले. खाली जर्मन उभे होते. १३ सप्टेंबर १९४४ ला डाखाऊत नूरसोबत ज्या तिघींना मारलं, त्यांतली एक दामेरमाँ. दुसऱ्या दोघी योलांद बीकमन आणि एलियान प्लूमन.

तिरकस

मग बकमास्टर मूर्ख की फितूर? दोन्ही बाजूंनी बरंच वाचलंय.

कूटकारण

फितुरीला पुरावा नाही. साधं कारण असं की खरे, मोकळे ऑपरेटरही घाईत खुणा विसरत. मोर्समधल्या गळतीने खुणा पुसल्या जात. 'खूण नाही म्हणजे पकडला' असं दर वेळी धरलं असतं तर निम्मी जाळी स्वतःच्या हाताने तोडावी लागली असती. त्यातून अधिकाऱ्यांना सवय लागली की खूण नसली तरी मजकूर पटतोय ना, मग ठीक. आणि मजकूर पटवण्यात ग्योत्झ वाकबगार होता. पण 'दुसरी खूण विसरलास' हे उत्तर मात्र माफीच्या पलीकडचं.

लघुलहरी

एक राहिलं. मोर्स ठोकण्याची प्रत्येकाची ढब वेगळी असते. कोणाचा डॅश लांब, कोणाची अक्षरांमधली जागा तोकडी. नूरचा हात जड, प्रशिक्षणात त्यावरून तिची थट्टाही झाली. ही ढब ओळखून खोटा ऑपरेटर पकडता येतो असं मानलं जायचं. व्यवहारात जर्मन ऑपरेटर जुने संदेश ऐकून ढब उचलत. आणि क्षीण, फिकट होत जाणाऱ्या सिग्नलमध्ये ढब ओळखणं कानाला अवघडच.

मुठेकाठचा

युरोपचंच चाललंय म्हणून थोडं घराजवळचं. एसओईची आशियातली शाखा, फोर्स १३६, हिचं एक प्रशिक्षण केंद्र पुण्याजवळ खडकवासल्याला होतं. मलायात पाठवायचे चिनी हेर तिथे तयार झाले, सिंगापूरचा लिम बो सेंग त्यांचा म्होरक्या. मे १९४३ मध्ये ब्रिटिश अधिकारी जॉन डेव्हिस आणि पाच चिनी हेरांची पहिली तुकडी डच पाणबुडीतून मलायाच्या किनाऱ्यावर उतरली.

वरच्या वजनाच्या मुद्द्याला हे उत्तम उदाहरण. जंगलात भिंतीतली वीज नाही, म्हणजे संच, बॅटऱ्या आणि जनरेटर पाठीवर, चढावर. ओझं झेपेना म्हणून सामान किनाऱ्याजवळ मागे ठेवावं लागलं आणि श्रीलंकेतल्या मुख्यालयाशी रेडिओसंपर्क फेब्रुवारी १९४५ पर्यंत झालाच नाही. लिम बो सेंग त्याआधीच, मार्च १९४४ मध्ये पकडला गेला आणि २९ जून १९४४ ला बातू गाजाच्या तुरुंगात वारला.

सांजवेळ (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. कूटकारण, तुमचा अठरा अक्षरांचा संदेश उत्तर न बघता उलटा सोडवायला घेतला. वळणवाटने सुरुवात केली. अठराला पाचने भागलं, तीन पूर्ण ओळी आणि तीन अक्षरं उरली, म्हणून १, २, ३ या स्तंभांना चार-चार अक्षरं दिली आणि ४, ५ ला तीन-तीन. शेवटच्या ओळीत मधेच दोन घरं रिकामी राहिली आणि वाचायला काहीच येत नाही.

कूटकारण

हीच ती गंमत. जादा अक्षर आकड्याने पहिल्या तीन स्तंभांना नाही, जागेने डावीकडच्या तीन स्तंभांना मिळतं. लिहिताना आपण ओळ डावीकडून भरतो, म्हणून रिकामी घरं फक्त उजव्या टोकाला असू शकतात. मधे रिकामं घर दिसलं की वाटणी चुकली.

म्हणजे आकडा १ चा स्तंभ सर्वात उजवीकडचा, त्याला तीनच: र पू वा. आकडा २ मधला, त्याला चार: ठ रू ल पा. आकडा ३ पहिला, चार: वा वा ला ड. आकडा ४ ला तीन: य री दा. आकडा ५ ला चार: मी उ वि क. आता आडवं वाचा, मग पुरंदरगडने तीन-तीनचे सहा स्तंभ करा. तिथे अठरा भागिले सहा, उरत काही नाही, त्यामुळे अडचण यायची नाही.

जमलं की यातलं कुठलंही एक अक्षर पुसून सतराच अक्षरांवरून सोडवून बघा. कुठलं गळलंय माहीत नसेल तर अठरा जागांवर पाळीपाळीने रिकामं घर ठेवून दोन्ही फेऱ्या उलट्या कराव्या लागतात. दोन अक्षरं गळली असतील तर जागांच्या जोड्या १५३. ग्रेंडनच्या मुलींपुढे अठराऐवजी दोनशे अक्षरं असायची, तिथे दोन गळाली की जोड्या १९,९००.